घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या ठेवायच्या कुठे आणि कशा (माझ्या चुकांसकट)

पाच गॅलनची (साधारण १९ लिटरची) एक बॅच केली की साधारण ४८ ते ५० बाटल्या होतात. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) उकळताना, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकताना, घरभर तो वास सुटलेला असताना हा आकडा कुणाच्या डोक्यात नसतो. मग बाटल्या भरून होतात, कॅपा लावून होतात, ओट्यावर पन्नास बाटल्या रांगेत उभ्या असतात आणि नवरा विचारतो, "आता ह्या ठेवायच्या कुठे?" आमच्याकडे अगदी असंच झालं होतं आणि मी म्हटलं होतं, "ठेव रे कुठेतरी कपाटात." त्या 'कुठेतरी'चं काय झालं ते पुढे सांगतेच.

मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला. आधी चार वर्षं दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये होतो, आता बेसमेंटवालं घर आहे. दोन्हीकडे बिअर ठेवलीये आणि दोन्हीकडे थोडीफार वाट लावलीये. बिअर करायची कशी ह्यावर ढीगभर माहिती मिळते, पण बाटलीत भरल्यावर पुढे काय, तर "थंड, अंधाऱ्या जागी ठेवा" एवढं एक वाक्य लिहून सगळे मोकळे होतात. थंड म्हणजे किती? आणि पहिल्या दिवसापासून थंड का? (नाही! घोळ तिथेच होतो.) म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्याने परवानगी मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केल्यावर, ती १९७९ पासून लागू झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. पण राज्यांचे कायदे वेगळे असतात, अलाबामा आणि मिसिसिपीमध्ये तर २०१३ पर्यंत चालत नव्हतं, त्यामुळे आपल्या राज्याचं आधी बघून घ्या. विकायची अजिबात नाही, मित्राला दिलीत तरी पैसे घ्यायचे नाहीत. आणि महाराष्ट्रातून वाचत असाल तर तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. माझा भाऊ दर दिवाळीला "कृती पाठव ना ताई" म्हणून मागे लागतो, त्याला मी सांगते, पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या झाल्यात ना आता, तिथे जा आणि गप पी.

आता मुद्द्याची गोष्ट, बाकी सगळं हिच्यावरून येतं. दुकानातली बहुतेक बिअर गाळलेली असते, मेलेली म्हणा हवं तर. आपली बाटली जिवंत असते. तिच्यात यीस्ट (बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव) आहे, आपण भरताना थोडी साखर घातलीये, ती साखर यीस्ट खाणार, कार्बन डायऑक्साइड सोडणार, कॅप बंद असल्यामुळे तो बाहेर जाऊ शकणार नाही आणि बिअरमध्ये विरघळणार. तोच आपला फेस. म्हणजे बाटलीचे दोन मुक्काम आहेत: पहिला उबेत, यीस्ट काम करत असताना, आणि दुसरा गारव्यात, काम झाल्यावर. हे दोन उलटसुलट केलेत किंवा एकच केलात की गडबड झाली.

काय काय लागेल

- तपकिरी काचेच्या जाड बाटल्या, ज्यांना ओपनर लागतो अशा (फिरवून उघडणाऱ्या नकोत)
- एक किंवा दोन प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या (हो, मुद्दाम, सांगते पुढे)
- हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजायचं उपकरण)
- ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा
- नव्या क्राउन कॅपा (पत्र्याची दातेरी झाकणं) आणि कॅपर (त्या दाबून बसवायचं हत्यार)
- झाकणवाले प्लास्टिकचे मोठे डबे, किंवा जुना पिकनिकचा आइस बॉक्स
- दिवसातलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर, १०-१५ डॉलरला मिळतो
- पर्मनंट मार्कर आणि एक वही
- डोळ्यांना लावायचा सेफ्टी गॉगल आणि जाड हातमोजे. हसू नका.

पायरी १: बाटल्या बघून घ्या

तपकिरीच का? हॉप्समधल्या कडवट द्रव्यांवर उजेड पडला की त्यांचं रूपांतर एका गंधकवाल्या द्रव्यात होतं आणि त्याचा वास स्कंक नावाच्या प्राण्याच्या घाणेरड्या फवाऱ्यासारखा येतो. स्कंक बघितला नसेल तर जळकं रबर आणि सडका लसूण एकत्र करा, साधारण तसं. हा उद्योग मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाश करतो, तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी फारसा अडवत नाही आणि पांढरी, म्हणजे आरपार दिसणारी, काच तर जवळजवळ नाहीच. पांढऱ्या बाटलीत भर उन्हात हे काही मिनिटांत होतं. ट्यूबलाइटनेसुद्धा होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

फिरवून उघडणाऱ्या बाटल्यांवर आपल्या हातातल्या कॅपरने कॅप नीट बसत नाही, हळूहळू गॅस गळतो. मी पहिल्या बॅचला शेजाऱ्यांच्या रिसायकलिंगमधून मिळतील त्या बाटल्या गोळा केल्या होत्या, त्यात अशा अकरा निघाल्या, अकराच्या अकरा सरबतासारख्या सपाट. तोंडाला टवका उडालेली, अंगावर केसाएवढा जरी तडा गेलेली बाटली असेल तर टाकून द्या, मोह नको.

पायरी २: आंबणं खरंच संपलंय का ते तपासा

ही पायरी साठवणुकीची वाटत नाही, पण साठवणुकीतले सगळ्यात वाईट अपघात इथूनच येतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) एअरलॉकमधून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, बुडबुडे यायचे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नसतं. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते; १.०१४ वरून १.०१३ म्हणजे एक पॉइंट) मोजा, दोन-तीन दिवसांनी परत मोजा, आकडा तोच आला तरच भरायला घ्या. आणि तो आकडा कृतीत दिलेल्या शेवटच्या ग्रॅव्हिटीच्या आसपास हवा, तो खूपच वर अडकून बसला असेल तर यीस्ट दमून झोपलंय, संपलेलं नाही, आणि बाटलीत गेल्यावर ते जागं होऊ शकतं. हिशोब असा की ग्रॅव्हिटीचे साधारण दोन पॉइंट बाटलीत उतरले की जवळजवळ एक व्हॉल्यूम गॅस वाढतो. व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर गॅस विरघळलाय ते. साध्या पेल एलला (फिकट रंगाच्या एका बिअरला) २.२ ते २.५ व्हॉल्यूम लागतात. आता समजा तुम्ही घाई केलीत, १.०१४ ला भरलीत आणि ती नंतर १.००८ पर्यंत उतरली, तर आपल्या साखरेचा गॅस आहेच आणि वर हे तीन व्हॉल्यूम. साधी बाटली हे सहन करायला बनलेलीच नाही.

माझं नेमकं हेच झालं. सेझाँ नावाचा बेल्जियन प्रकार केला होता, १.०१६ ला बुडबुडे थांबले, शनिवार होता, सासूसासरे सोमवारी भारतातून येणार होते आणि फर्मेंटर पाहुण्यांच्या खोलीत होता, तेव्हा तो हलवणं भाग होतं. भरून टाकल्या. ठेवल्या कुठे तर हॉलमधल्या कपाटात, ज्याच्या आत अपार्टमेंटचा वॉटर हीटर होता. उबदार जागा, म्हटलं मस्त. अकराव्या रात्री अडीच वाजता धडाम्! पाठोपाठ अजून दोन. एक फुटली की तिच्या काचा शेजारणीला लागतात आणि ती फुटते, अशी माळच लागते. सासरे उठून बाहेर आले आणि शांतपणे विचारलं, "इथे आत्ता फटाके कोण वाजवतंय?" कपाटात काचा दरवाज्याच्या लाकडात घुसल्या होत्या, लिहून अतिशयोक्ती वाटेल पण घुसल्या होत्या, तिथे कुणाचा हात असता तर काय झालं असतं ह्याचा विचार मी आजही टाळते. सगळा कार्पेट आंबूस, अपार्टमेंट सोडताना डिपॉझिटमधून त्याचे पैसे गेले, आणि सासूबाईंना मी काय 'करते' हे त्याच रात्री कळलं.

नंतर कळलं की सेझाँच्या काही यीस्टमध्ये एक खास एन्झाइम असतं, बाकीच्या यीस्टला न पचणारी मोठ्या साखळीची साखरसुद्धा ते हळूहळू तोडून खातं, आठवडे न् महिने खात राहतं. यीस्टच्या पाकिटावर डायास्टॅटिकस असा शब्द दिसला तर दुप्पट धीर धरा आणि जाड शॅम्पेनसारख्या बाटल्या वापरा.

पायरी ३: साखर वजनाने, चमच्याने नाही

१९ लिटरला, बिअर साधारण २० अंश सेल्सिअसला आंबलेली असेल तर, सुमारे ११० ग्रॅम साधी साखर घातली की २.४ व्हॉल्यूमच्या आसपास येतं. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पावडर) वापरलंत तर थोडं जास्त, १२० ग्रॅम धरा. पण प्रत्यक्षात तुमच्या हातात किती लिटर आहे ते मोजा, कारण खालचा गाळ सोडला की १९ चे १७ कधी होतात कळत नाही आणि आपण साखर मात्र १९ ची घातलेली असते.

कपभर पाण्यात साखर उकळा, गार करा, भरायच्या बादलीत आधी ती ओता आणि तिच्यावर बिअर नळीने सोडा, म्हणजे आपोआप मिसळते. वरून निर्जंतुक केलेल्या चमच्याने हलक्या हाताने एकदा फिरवा. खळखळ ढवळायचं नाही, हवा मिसळली की बिअर लवकर म्हातारी होते. साखर नीट मिसळली नाही तर एकाच बॅचमध्ये काही बाटल्या सपाट आणि काही बॉम्ब, आणि बाहेरून ओळखू येत नाही कुठली कुठली.

गुळाचा प्रयोग मीही केलाय, वेडच असतं ते आपल्याला. चव छान आली, पण प्रत्येक गुळात साखर आणि ओलावा वेगळा असल्यामुळे गॅसचा अंदाज बांधता येत नाही. गूळ घालायचाच असेल तर उकळताना घाला, बाटलीत नको.

प्रत्येक बाटली तोंडापासून साधारण एक इंच रिकामी ठेवा. आणि आता ती प्लास्टिकची बाटली: शेवटची थोडी बिअर स्वच्छ केलेल्या सोड्याच्या बाटलीत भरा, हवा दाबून बाहेर काढा, झाकण घट्ट लावा. ती रोज दाबून बघायची. मऊ लागते तोवर गॅस व्हायचाय, दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांतही झालंय. आणि चार दिवसांतच ती फुगून उभी राहायला लागली तर समजा धोका आहे, थेट पायरी ९ वर जा. ह्या एका बाटलीने मला जेवढं वाचवलंय तेवढं कुठल्या महागड्या वस्तूने नाही.

पायरी ४: पहिले दोन-तीन आठवडे उबेत

१८ ते २४ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये ६५ ते ७५. म्हणजे आपण राहतो त्या खोलीचंच तापमान. नवशिक्यांची नंबर एकची चूक, भरल्या भरल्या फ्रीजमध्ये ठेवणं. यीस्ट गारठून झोपतं, साखर तशीच राहते, महिनाभराने उघडलं की गोडसर सपाट पाणी. दुसऱ्या टोकाची चूक माझी, वॉटर हीटरशेजारी.

ह्या दिवसांत बाटलीतलं प्रेशर किती असतं? २.४ व्हॉल्यूमला खोलीच्या तापमानात २८-३० पीएसआय (दाब मोजायचं एकक) होतं, म्हणजे जवळजवळ कारच्या टायरमध्ये असतं तेवढं. हे सगळं नीट केलेल्या बॅचचं, चुकलेल्याचं नाही. म्हणून ह्या तीन आठवड्यांत बाटल्या कायम झाकणवाल्या डब्यात, वर जुनी चादर किंवा जाड टॉवेल. आइस बॉक्स मला सगळ्यात आवडतो: अंधार असतो, तापमान फार वरखाली होत नाही आणि काही फुटलंच तर आतल्या आत. लहान मुलं असतील तर कडीकुलूप, आणि तो डबा मुलांच्या खेळायच्या खोलीत तर नकोच नको.

दोन आठवड्यांनी एक बाटली एक दिवस फ्रीजमध्ये ठेवून उघडा, वहीत लिहा, तिसऱ्या आठवड्यात अजून एक. आठ टक्क्यांच्या वरच्या जड बिअरला सहा आठवडेसुद्धा लागतात, यीस्ट आधीच दमलेलं असतं बिचारं. तीन आठवड्यांनी सपाट निघाली तर घाबरू नका, आधी थर्मामीटर बघा. आमच्या बेसमेंटमध्ये जानेवारीत १३ अंश असतं, तिथे काही होईना, वर किचनमध्ये आणल्या, प्रत्येक बाटली एकदा हळूच उलटीसुलटी करून तळाचं यीस्ट उठवलं आणि आठ दिवसांत गॅस भरला. कॅप काढून वरून साखर टाकायचा शहाणपणा मात्र करू नका, फेसाचं कारंजं उडतं.

पायरी ५: मग गार आणि अंधार, जागा शोधायची कशी

गॅस भरला की मुक्काम बदला. १० ते १५ अंश मिळालं तर छान, फ्रीजमध्ये जागा असेल तर सगळ्यात छान. उष्णतेने बिअर किती झपाट्याने बिघडते त्याचा ब्रुअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, तिन्हीकडे बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. अगदी काटेकोर नाही हे, पण जुलैमध्ये गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिलेली बॅच प्यायल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. म्हातारी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हॉप्सचा वास जातो, गोडसर, शिळा असा काहीतरी येतो. प्यायला अपाय नाही, मजा नाही.

आता जागा. थर्मामीटर घ्या आणि प्रत्येक संभाव्य जागी एक एक दिवस ठेवून चोवीस तासांतलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त लिहा. गारपणापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा, रोज दहा अंश वरखाली होणाऱ्या जागेपेक्षा कायम २० अंश असलेलं कपाट परवडलं.

बेसमेंट असेल तर फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि वॉटर हीटरपासून लांबचा कोपरा, बाहेरच्या भिंतीला लागून, जमिनीलगत. पण थेट जमिनीवर नको, दोन विटांवर फळी टाका, कारण पावसाळ्यात सम्प पंप (बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप) बंद पडला की बेसमेंटमध्ये पाणी येतं आणि पुठ्ठ्याचे खोके खालून विरघळतात, मग खोका उचलला की बाटल्या खालून निसटतात (विचारू नका). दमट जागेत कॅपांना गंज चढतो, तेव्हा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं मशीन) असेल तर चालू ठेवा. खिडकीचा झोत येत असेल तर वर चादर.

अपार्टमेंटमध्ये घराच्या मधल्या भागातलं कपाट बघा, ज्याची एकही भिंत बाहेरची नाही आणि ज्यात कुठलं मशीन नाही. पलंगाखाली चालतं. फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथे मागची गरम हवा येते आणि कंपनं असतात. बाल्कनी नको. ओव्हनशेजारचं कपाट नको.

गॅरेजचं वेगळं सांगायला हवं कारण सगळ्यांना तीच जागा आधी सुचते. इकडे उन्हाळ्यात बंद गॅरेज ३५-४० अंशांपर्यंत जातं आणि हिवाळ्यात शून्याच्या बरंच खाली. पाच टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठायला लागते, पाणी गोठताना फुगतं, मग एकतर कॅप उडते नाहीतर बाटली तडकते. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये गॅरेज चांगलं, बाकी नाही.

पायरी ६: उभ्याच ठेवा

वाइनसारख्या आडव्या ठेवायच्या नाहीत. वाइनचं बूच ओलं राहायला हवं म्हणून ती आडवी, आपल्या कॅपला ती गरज नाही. उभी ठेवली की यीस्टचा गाळ तळाशी एका चकतीसारखा बसतो, आडवी ठेवली की अंगभर पसरतो आणि ओतताना सगळा ग्लासात. बाटल्या हलवल्या, घर बदललं, गाडीतून कुणाकडे नेल्या, तर गाळ परत बसायला काही दिवस द्या.

पायरी ७: नाव लिहा. आजच.

"मला लक्षात राहील" असं वाटतं, राहत नाही. कॅपवर मार्करने दोन अक्षरं आणि तारीख, बास. मी बॅचचा नंबर लिहिते, बाकी सगळं वहीत: भरल्याची तारीख, शेवटची ग्रॅव्हिटी, साखर किती, कुठे ठेवली, कधी उघडली, कशी होती. लेबलं चिकटवायची हौस असेल तर कागदाला मागून दूध लावा आणि चिकटवा, वाळल्यावर घट्ट बसतं आणि पाण्यात टाकलं की सुटतं, गोंदासारखी मारामारी नाही.

पायरी ८: कुठली आधी, कुठली नंतर, आणि उघडायची कशी

आयपीए आणि हॉप्सवाल्या सगळ्या आधी संपवा, दोन-तीन महिन्यांत, ठेवण्यासारखं त्यात काही नसतं, हॉप्सचा वास रोज थोडा थोडा उडत असतो. गव्हाची हेफेवाइझनही ताजीच चांगली. पोर्टर, स्टाउट ह्या काळ्या बिअर सहा महिने आरामात. जड बार्लीवाइन आणि इम्पीरियल स्टाउट वर्षभर ठेवल्या तर सुधारतात, पहिल्या महिन्यात त्या नुसत्या दारूसारख्या जाळतात. आपल्या लोकांची एक खोड आहे, चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवायची, मी एक फार सुंदर आयपीए गणपतीला येणाऱ्या मैत्रिणींसाठी मे महिन्यापासून जपली आणि ऑगस्टमध्ये त्यांना पुठ्ठा पाजला.

पिण्याआधी दोन दिवस फ्रीजमध्ये उभी. काही तासांत गार होते हो, पण गॅस नीट विरघळायला आणि गाळ घट्ट बसायला वेळ लागतो. घाईने फ्रीझरमध्ये टाकली तर फोनवर अलार्म लावा, विसरलात की सकाळी काच आणि बर्फ खरवडत बसाल. नवीन बॅचची पहिली बाटली कायम सिंकमध्ये धरून उघडा. ओतताना ग्लास तिरका, एका दमात, मधे बाटली सरळ करायची नाही, आणि तळाशी बोटभर राहू द्या. तो गाळ प्यायला तर काही होत नाही, पोटात जरा गडबड होते काही जणांच्या, हेफेवाइझनमध्ये तर लोक मुद्दाम मिसळून पितात.

पायरी ९: काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

एक बाटली फुटली, किंवा प्लास्टिकची बाटली अति फुगली, किंवा उघडल्यावर निम्मी बिअर छताला गेली. आधी हे ठरवा की एकच बाटली की सगळी बॅच. एकाच बाटलीचं कारंजं झालं आणि वास-चव विचित्र, आंबट लागली तर ती बाटली बहुतेक नीट धुतली नव्हती, त्यात जंतू शिरले. तीन-चार बाटल्यांना झालं तर सगळी बॅच संशयित.

तेव्हा उघड्या हाताने बाटली उचलायची नाही. गॉगल, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट. डबा उघडण्याआधी वरून जाड चादर टाका. मग बाटल्या उघडत बसू नका, आधी अख्खा डबाच जितक्या गार जागी नेता येईल तिथे न्या, शक्यतो फ्रीजमध्ये, कारण गार झाल्यावर गॅस बिअरमध्ये जास्त विरघळतो, प्रेशर उतरतं आणि यीस्टही झोपतं. फ्रीजमध्ये जागा नसेल तर आइस बॉक्समध्ये बर्फ भरा. चोवीस तासांनी, गॉगल तसाच ठेवून, एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून कॅप किंचित उचलायची, फुस्स होऊ द्यायचं, नवीन कॅप लावायची. जंतूंमुळे बिघडलेली असेल तर वाचवू नका, ओतून टाका. पन्नास बाटल्या ओतताना जीव तुटतो माहितीये, मी दोनदा ओतल्यात.

पायरी १०: रिकाम्या बाटल्या

ग्लासात ओतल्या ओतल्या बाटली तीनदा पाण्याने खळखळून विसळा, तिथल्या तिथे. एक रात्र राहिली की तळाचा गाळ वाळून चिकटतो, आठवड्यात बुरशी, मग वॉशिंग सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून ब्रशने घासायचा कार्यक्रम. विसळलेली बाटली निथळून वाळू द्या आणि क्रेटमध्ये पालथी ठेवा, धूळ आणि कोळी आत जात नाहीत. भरायच्या दिवशी परत निर्जंतुक करायचीच, ते चुकत नाही.

मित्रमैत्रिणींना बाटल्या देताना मी एकच अट घालते, रिकामी विसळून परत आणायची, नाहीतर पुढची मिळणार नाही. सासरे आता दर दोन वर्षांनी येतात तेव्हा ते खातं त्यांच्याकडे असतं, कुणाकडे किती बाटल्या गेल्यात त्याची यादी फ्रीजवर लावतात आणि फोन करून मागवून घेतात. वॉटर हीटरचं कपाट मात्र ते अजून अधूनमधून उघडून बघतात.